तिसरं नाव

डिगरीकाका लक्स्टन शिंकला की कोम्बलीतल्या अर्ध्या गावाचे कान टवकारायचे. शिंक साधीच, पण तिच्यावर दोन शेतं, एक कुरण आणि सफरचंदाची बाग टांगलेली होती ना! लक्स्टनांची जमीन तीन जिवांवर होती. जहागीरदाराच्या दप्तरात तीन नावं लिहिलेली. त्यातलं एक माणूस जरी जिवंत असलं तरी जमीन घरची, आणि शेवटच्याने डोळे मिटले की जमीन जहागिरीत जमा. थोरला अँथनी गेला, बहीण विल्मट गेली. उरला डिगरी. ऐंशी कधीच ओलांडलेली, तोंडात एक दात, खाली दोन गुडघे, आणि तिघेही कुरकुरणारे.

मग त्याला जपणार नाहीत तर काय! पुतण्या हंफ्रीने शेकोटीजवळची बापाची खुर्ची काकाला दिली. हंफ्रीची बायको थॉमसिन सकाळ उजाडली की लोकरी टोपी घेऊन मागे लागायची, आणि त्याच हाताने वाटीभर साय पुढे करायची. निखाऱ्यावर मंद तापलेल्या दुधाची, चमचा उभा राहील अशी. काकानेही जिवाची चंगळ करून घेतली. खोटं कशाला बोला, लबाडच होता म्हातारा.

"सूनबाई, छातीत जरा कसंसंच होतंय गं."

"कसंसं म्हणजे किती कसंसं?"

"अजून एक वाटीभर."

थॉमसिन कपाळाला हात लावायची आणि वाटी भरून आणायची.

पण एक दिवस गाड्यांची चाकं घडवणाऱ्या जास्परने गुत्त्यात सगळ्यांसमोर त्याला डिवचलं. "काका, सेवा तुमची नाही हो, नावाची चाललीय. दप्तरात दुसरं नाव चढू द्या, मग बघा. साय मांजरीला आणि तुम्ही परसात!" सगळे खो खो हसले. काकाही हसला. पण ते बोलणं आत कुसळासारखं रुतून बसलं, आणि मग रोज साय खाताना त्याला टोचायला लागलं.

वसंतात थॉमसिनला मुलगी झाली, लव्हडे. बारशाचा केक पोटात जिरतो न जिरतो तोच जहागिरीचा कारभारी ब्रेली जनावरांची नोंद करायला आला. मेंढरं मोजली, डुकरीण मोजली आणि तांबड्या गाईपाशी येऊन थबकला. ती गाय काकाची स्वतःची. आई मेलेलं वासरू त्याने बोटं चोखायला देऊन वाढवलेलं.

"दप्तरात दोन जागा रिकाम्या आहेत," ब्रेली गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "ही गाय जहागिरीत पाठवा, पोरीचं नाव चढवतो. सुगीनंतर जहागिरीची कचेरी भरेल, तोवर विचार करा."

तो गेल्यावर काका खुर्चीत डोळे मिटून पडला. झोपला बिपला नव्हता. स्वयंपाकघरातलं सगळं ऐकत होता.

"काकांना विचारू का?" हंफ्री कुजबुजला.

"खबरदार!" थॉमसिन म्हणाली. "त्यांचं एवढं एकच जनावर. त्यावर डोळा ठेवायचा? देव आहे, काका आहेत, बघू पुढचं पुढं."

काकाला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण तो हिशेब मांडत बसला. पोरीचं नाव चढलं नाही आणि आपण उद्या गेलो, तर हे तिघं रस्त्यावर. शिवाय रीतच होती, जीव गेला की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर जहागीरदाराचं. म्हणजे तांबडी तशीही जाणारच, आणि बदल्यात काही मिळणार नाही. सगळं कळत होतं हो! आणि नाव चढलं, तर आपली गरज संपली, हेही कळत होतं. दोन दिवस त्याला साय गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी न्याहारीलाच तो खेकसला, "गाय द्या त्या ब्रेलीला. आणि माझ्या तोंडाकडे बघू नका दोघं!"

"काका, अहो..." हंफ्री उठलाच.

"बस खाली. मी मेल्यावर चांगलं जनावर न्यायला येतील ना, तेव्हा आपली शिंगमोडकी शेळी घ्या म्हणावं. जहागीरदाराला शोभेल."

सुगीनंतर कचेरीच्या दिवशी तांबडी जहागिरीत गेली, आणि आता बसायला लागलेली लव्हडे काकाच्याच मांडीवर बसली. ब्रेलीने नाव लिहायला घेतलं तशी तिने त्याच्या लेखणीचं पीस धरून ओढलं आणि नावापुढे शाईचा हा मोठा डाग पडला. ह्याच टेबलापुढे बापाने आपल्याला खांद्यावर घेतलं होतं, ते काकाला आठवलं. तेव्हा आपण भोकाड पसरलं होतं म्हणे. पोरगी आपल्यापेक्षा धीट निघाली, असं तो येताना सगळ्या वाटेत सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साय आली नाही.

काका खुर्चीत वाट बघत बसला. टोपी नाही, वाटी नाही, घरात थॉमसिनचा आवाजसुद्धा नाही. "झालं," तो स्वतःशीच म्हणाला. "एक रात्रही दम निघाला नाही." मग सुरी घेऊन तसाच बोडक्याने गोठ्यात गेला. लक्स्टनांचं दप्तर म्हणजे गोठ्याचा खांब. वासरू जन्मलं की उभी चीर, गेलं की तिच्यावर आडवी. तांबडीच्या खुणेवर त्याने आडवी चीर मारली. डोळे भरून आले, आणि ते गाईसाठी की स्वतःसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"काका! एवढ्या दवात बोडक्याने?"

दारात थॉमसिन. धापा टाकत, घागऱ्याला गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात झाकलेली वाटी आणि काखेत टोपी.

"आलीस होय," काका तिरकस बोलला. "मला वाटलं, साय मांजरीला गेली."

"कुठली साय? दूध देणारी गाय तुम्हीच ओढून दिलीत ना? मग साय काय माझ्या डोक्यातून काढू? जास्परच्या घरी गेले होते. आठवडाभर त्यांचं लोणी घुसळून द्यायचं कबूल केलं, तेव्हा ही वाटी मिळाली."

गाय गेली की साय जाते, हे एवढ्या शहाण्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"पण आता कशाला गं?" तो हळूच म्हणाला. "पोरीचं नाव चढलं. आता मी मेलो तरी तुमचं काय जातंय?"

थॉमसिनचा चेहरा एकदम लाल झाला. "काय जातंय? आई माझी लहानपणीच गेली, सासू मी पाहिली नाही. ह्या घरात आल्यापासून हक्काने भांडायला माणूस एक तुम्ही. आणि विचारता काय जातंय! दप्तर गेलं चुलीत. डोकं इकडे करा!" तिने टोपी त्याच्या कानांवर इतक्या जोरात ओढली की काकाला क्षणभर काहीच दिसेना. दिसायला लागलं तेव्हा ती बाहीने डोळे पुसत होती.

काकाने खांबाला टेकून साय खाल्ली. पातळ होती, जास्परकडची पातळच असायची, पण तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. वाटी बोटाने निपटून घेतली आणि सवयीने खाकरला.

"काय हो? कसंसं होतंय का?" थॉमसिनने विचारलं.

"नाही गं," काका म्हणाला. "काहीसुद्धा होत नाहीये."