ट्रॉलीवरच्या बायका

मार्कंड्याची जत्रा आली, की ब्रह्मपुरीच्या मन्सूरभाऊंचा जीव मेटाकुटीला यायचा. त्यांचं बिछायत केंद्र होतं, म्हणजे मंडप-भांडी भाड्याने द्यायचा धंदा. मंडपाचे लोखंडी पाइप, ताडपत्र्या, स्वयंपाकाची मोठाली गंजं, सगळं जुन्या जीपमागच्या ट्रॉलीत भरायचं आणि त्यावर भांडी घासणाऱ्या बायकांना बसवायचं. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. आपल्याकडे वजन सामानाचं धरतात, माणसांचं धरत नाहीत.

त्या वर्षी मन्सूरभाऊंची बायको अख्तरी ट्रॉली पाहून दारातच थबकली. बोजाखाली स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले होते. दोन खेपा करा, ती म्हणाली. मन्सूरभाऊंचं अंग आंबून गेलं होतं. थकलेल्या माणसाला दुसरी खेप नको वाटते. जीप ओढते ना, मग झालं, ते म्हणाले.

"ओढंल तं खरं," अख्तरी म्हणाली, "पन उतारावर मागचं रेटाले लागलं तं थांबंल का? ओढाची ताकद वेगळी, थांबवाची वेगळी."

ऐकून न ऐकल्यासारखं करून त्यांनी जीप चालू केली.

वैनगंगेच्या पुलाकडे उतरताना गाई आडव्या आल्या. मन्सूरभाऊंनी ब्रेक दाबला. जीप थांबायला पाहत होती, पण मागची ट्रॉली थांबेना! तिने रेटून रेटून जीपलाच आडवं केलं. पुलाच्या अलीकडे सगळं एकदाचं थांबलं, तेव्हा म्हातारी बायनाबाई वरून खाली पडली होती. बाकीच्या बायका पाइपांना धरून होत्या, म्हणून वाचल्या.

मन्सूरभाऊ धावले. पाइप जास्त झाले बाई, पाइपच जास्त झाले, एवढंच ते पुटपुटत राहिले. बायनाबाई मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन बसली होती. रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"पाइपच काऊन मोजता, भाऊ?" ती म्हणाली. "गाडीले आमचंबी वजन समजते. तुमालेच समजत नाई."

मन्सूरभाऊंनी ट्रॉली तिथेच सोडली आणि बाईला जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. सामान दोन खेपांत गेलं, बायका एसटीने गेल्या. जत्रेनंतर त्यांनी गॅरेजवाल्याकडून जीपला किती बोजा झेपतो ते समजून घेतलं आणि ट्रॉलीच्या फळीवर रंगवलं. खाली लिहिलं, 'माणसं बसवणार नाही.'

पुढच्या जत्रेला बायनाबाई जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेली. मनगट मात्र अजून नीट वळत नाही.

बंधुभगिनींनो, गाडी ओढते तेवढं लादू नका, थांबवता येईल तेवढंच लादा. आणि वजन धरताना आधी माणसं धरा!