जिभेखालची गोळी

घड्याळवाले काका वाचले. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण ज्या बाईला ते त्या सकाळी कळायला हवं होतं, तिलाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

ती रुग्णवाहिकेवर काम करायची. नोकरीला चार महिने झालेले, पण वरिष्ठ सोबत नसताना स्वतः निर्णय घ्यायची ही पहिलीच फेरी. चालकदादा तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणायचे, कारण प्रश्न विचारल्याशिवाय ती लिफ्टचं बटणसुद्धा दाबत नसे. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, म्हणून तेवढा एक प्रश्न वाचला.

तिसऱ्या मजल्यावर काका छाती धरून सोफ्यावर बसले होते. सदतीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. घामानं डबडबलेला, तरी तिच्या मनगटाकडे बघून म्हणाला, "दोन मिनिटं मागे आहे."

काकू वहीनं वारा घालत होत्या. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा, तपकिरी रंगाची छोटी बाटली करंडकासारखी उंच धरून उभा होता.

"ताई, वेळ घालवू नका. छातीदुखीवरची आहे, अगदी रामबाण. द्या भाऊजींना."

तिनं बाटली घेतली. औषध देण्याआधी त्यावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचायची आणि जोडीदारानं तेच परत म्हणायचं, हा त्यांचा नियम. चालकदादा हे काम बातम्या दिल्यासारखं करायचे.

"रुग्णाचं नाव..." ती थांबली. "अहो, हे तर तुमचं नाव आहे!"

"हे तर तुमचं नाव आहे," चालकदादांनी गंभीरपणे दुजोरा दिला.

"मग काय झालं?" मेहुणा म्हणाला. "आम्ही काय परके आहोत?"

"उघडल्याची तारीख, दोन वर्षांपूर्वीची."

"दोन वर्षांपूर्वीची."

"ठेवता कुठे ही?"

"खिडकीत. उन्हात. टवटवीत राहते."

या गोळ्या ऊन लागलं की निकामी होत जातात, असं ती सांगणार, एवढ्यात काकूंचा बांध फुटला. "अहो ताई, माणूस हातचा चाललाय आणि तुम्ही बाटल्या कसल्या वाचताय? द्या म्हणते ना मी!"

द्यावी तर पंचाईत, न द्यावी तर काकू. तिनं आधी रक्तदाब घेतला. वरचा आकडा शहाऐंशी. शंभराच्या खाली ही गोळी द्यायचीच नाही, हे तिला पाठ होतं. पण फ्रिजला चिकटवलेल्या काकांच्या कार्डावर दर महिन्याला दीडशेच्या आसपासचा आकडा होता. मग एवढा दाब गेला कुठे?

"काका, छातीशिवाय आणखी काय होतंय?"

"डोकं ठणकतंय. आणि तोंड भट्टीपुढे बसल्यासारखं तापलंय."

दुखणं छातीत आणि ठणका डोक्यात? तिच्यातली प्रश्नपत्रिका जागी झाली.

"आज काही औषध घेतलंय का?"

"नाही," तिघंही एकदम म्हणाले. इतकं एकदम, की तालीम झाल्यासारखं वाटलं.

तिनं बाटली खिशात टाकली आणि स्वतःच्या पेटीतली ॲस्पिरिन काढली. कसली ॲलर्जी? नाही. पोटात कधी रक्तस्राव? नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या? नाही. नाव, मात्रा, मुदत, सगळं मोठ्यानं वाचून झालं. चालकदादांनी सगळं परत ऐकवलं.

"ही चावून खा, काका."

काकांनी गोळी बोटांत धरून भिंगातून पाहावी तशी निरखली. "चावायची? मग ती जिभेखालची का चावायची नव्हती?"

"कुठली जिभेखालची?" तिनं अगदी हळू विचारलं.

काकूंनी भावाकडे पाहिलं. भावानं छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं.

"एकच दिली," तो म्हणाला. "फरक पडेना म्हणून दुसरी. तिसरी देणार, तेवढ्यात तुम्ही आलात."

"आणि मघाशी 'नाही' का म्हणालात?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"अरे गाढवा!" काकू ओरडल्या. तालमीत त्याही होत्या, हे त्या सोयीस्कर विसरल्या.

काकांना मात्र कुतूहल गप्प बसू देईना. ॲस्पिरिन चावता चावता म्हणाले, "पण गोळीला कळतं कसं, दुखतंय कुठे ते?"

"कळतच नाही, काका. ती रक्तातून सगळीकडे हिंडते. जिभेखालची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. छातीतल्या केल्या तर बरं वाटतं. पण ती डोक्यातल्याही करते, म्हणून ठणका. जुन्या गोळ्यांतही थोडा जोर उरतोच. दोन घेऊन सगळ्याच सैल पडल्या की दाब कोसळतो."

"स्प्रिंग ढिली पडल्यासारखं."

"अगदी तसंच."

"मग तिसरी दिली असती तर?"

"आधी आडवे व्हा, काका." "आधी आडवे व्हा," चालकदादांनी परत म्हटलं.

काकांना आडवं केलं, पायांखाली सोफ्याच्या उशा सरकवल्या. पाच मिनिटांनी आकडा ब्याण्णववर आला. मग चौघांनी मिळून त्यांना जिन्यावरून खाली नेलं. मेहुण्याला पायांकडची बाजू मिळाली आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच एक अक्षर न बोलता तीन मजले उतरला. रुग्णालयात पोचेपर्यंत आकडा एकशे चार झाला होता. दारातच डॉक्टरांनी विचारलं, आधी काय दिलंय? तिनं आपली ॲस्पिरिन आणि जिभेखालच्या दोन गोळ्या सांगितल्या, अंदाजे वेळा सांगितल्या, बाटलीही हातात ठेवली. "ह्या बाटलीतल्या कुणी दिल्या?" डॉक्टर म्हणाले. "मेहुण्यानं," ती म्हणाली. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. त्यांनाही मेहुणा असावा.

दुपारी ती अहवाल भरायला बसली. 'आधी दिलेले औषध' यापुढे दोनच चौकटी होत्या: 'डॉक्टरांनी' आणि 'रुग्णाने स्वतः'. बराच वेळ पेन हवेत राहिलं. शेवटी तिनं दोन्ही चौकटी कोऱ्या सोडल्या आणि सोबत एक कागद जोडला:

"मा. अधीक्षक, रुग्णवाहिका विभाग, यांस. विषय: अहवालाच्या नमुन्यात दुरुस्तीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, सदर नमुन्यात 'मेहुण्याने' अशी तिसरी चौकट कायमस्वरूपी छापण्यात यावी. तसेच पथक पोहोचण्यापूर्वी संबंधित मेहुण्यास दुसऱ्या खोलीत नेऊन खरे वदवून घेण्यासाठी प्रत्येक फेरीस एक स्वतंत्र कर्मचारी (शक्यतो त्याचीच थोरली बहीण, परंतु तालमीत सहभागी नसलेली) तातडीने मंजूर व्हावा, ही नम्र विनंती."