बिल्ला आला, माणूस कुठे?

साबणाचा अर्धा तुकडा.

तीन नळ, एकसष्ट माणसं.

चरबीच्या दोन मेणबत्त्या. एक जाळली, एक खाल्ली.

पत्र्याचा डबा, आत चमचा.

भरलेला फळा.

मित्रांनो, या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध माझ्यामुळे आला. मी एक जुना पितळी बिल्ला आहे. नंबर सत्तेचाळीस. माझ्यातला सात जरा कलंडलेला आहे, कारण आकडा ठोकताना मला घडवणाऱ्या तांबटाला शिंक आली. माझ्यासोबत साठ भावंडं घडली. त्यांचे आकडे सरळ आहेत.

आमचं काम सोपं होतं. खाणीच्या तोंडाशी हजेरीच्या खोलीत एक लाकडी फळा होता, त्यावर एकसष्ट खुंट्या. खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला खिशात घालायचा, वर आल्यावर पुन्हा खुंटीला अडकवायचा. खुंटी रिकामी, तर माणूस खाली. खुंटीवर बिल्ला, तर माणूस वर. आम्हाला एवढंच बोलता येत होतं, आणि लोकांचा आमच्या शब्दावर विश्वास होता.

माझ्या माणसाला सगळे लंब्या म्हणत. खाणीत उंची हा काही गुण नाही. त्याच्या कपाळावर कायम एक ताजं टेंगूळ असे. "तुला आईने घडी घालून पाठवायला हवं होतं," असं मुकादम म्हणायचा. लंब्याच्या जोडीला त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, काम करायचा.

शनिवारी अंघोळीला गरम पाणी मिळे, पण नळ तीनच. ज्याचा बिल्ला आधी लागेल त्याचा नंबर आधी. मागे राहिलेल्याला गार पाणी आणि दुसऱ्याने वापरलेल्या साबणाचा तुकडा. म्हणून माणसांनी युक्ती काढली होती. माणसं वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या पहिल्या खेपेत वर जाणारा आपल्या दोस्तांचे बिल्लेही घेऊन जाई. पकडला गेला तर त्याचं काम जाणार, असा नियम होता. तरी दर शनिवारी हे चालायचं.

त्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत लंब्या सगळ्यांकडे पाठ करून डबा उघडून बसला, आणि लवकर उठला. काम संपल्यावर पिंजऱ्यापाशी येऊन तो थबकला.

"काय झालं, भाऊजी?"

"डबा आत राहिला."

"राहू द्या की. सोमवारी घ्या."

"डब्याशिवाय गेलो तर तुझी ताई दारात उभं करणार नाही. आधीच सकाळपासून तोफा सुरू आहेत. तू हो पुढे. हा घे, माझा नंबर लाव."

मेहुण्याने मला वर आणलं, खुंटीला अडकवलं आणि अंघोळ करून तो घरी गेला. पाठोपाठ भाऊजी येतीलच, हे त्याने गृहीत धरलं. अर्ध्या तासाने खाली दरड कोसळली.

खाली काय झालं ते मी पाहिलं नाही, मित्रांनो. मी वर होतो. अडचण तीच होती.

मुकादमाने फळा पाहिला. सगळ्या खुंट्या भरलेल्या. "सुटलो! सगळे वर आहेत," तो म्हणाला. "आत पाणी शिरायला लागलंय. सोमवारी भिंत घालून ती वाट बंद करून टाकू."

रविवारी सकाळी लंब्याची बायको हजेरीच्या खोलीत आली. मागे तिचा भाऊ.

"हे घरी आले नाहीत."

"वहिनी, बिल्ला लागलाय. हा बघा."

"बिल्ला आला. माणूस कुठे आहे?"

"गेला असेल कुठेतरी. भांडण झालं होतं का?"

"झालं होतं. मग?"

"मग काय! राग निवला की येईल."

"राग आला की ते छपरावर जाऊन बसतात. छपरावर बघूनच आलेय मी."

मी खुंटीवर लटकत होतो आणि मुकादमाच्या बाजूने साक्ष देत होतो. मेहुणा माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या घरी महिन्याचं बाळ होतं.

"ताई," तो म्हणाला, "बिल्ला मी लावला."

मुकादमाने धावत जाऊन भोंगा वाजवला.

खणायला मेहुणा सगळ्यांच्या पुढे होता. पाचव्या दिवशी, जमिनीतून वर येणाऱ्या हवेच्या पाइपमधून बारीक आवाज यायला लागला.

"पंपाचा असेल," कोणीतरी म्हणालं.

बायकोने पाइपला कान लावला. "कसला पंप! हे आहेत. भूक लागली की असाच चमचा वाजवतात. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. अकरा वर्षं डोकं उठवलंय माझं."

सहाव्या दिवशी त्याला बाहेर काढलं. आतली हकिकत त्याने नंतर सांगितली. खिशातल्या दोन मेणबत्त्यांपैकी एक त्याने जाळली आणि दुसरी, पोटात काही हवं म्हणून, कुरतडून खाल्ली. पाणी छताच्या एका फटीतून ठिबकत होतं. "तिथवर माझाच डबा पोचला असता," तो म्हणायचा. "तुम्ही बुटके तहानेने मेला असता."

पण बाहेर आला तेव्हा तो डबा छातीशी धरून होता. बायकोला म्हणाला, "डबा आणलाय."

डबा हातात घेऊन, झाकण घट्ट दाबून ती उभी राहिली.

मेहुण्याचं काम गेलं नाही. पण पुढे दर शनिवारी तो शेवटी, गार पाण्याने अंघोळ करू लागला. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मुकादम प्रत्येक बिल्ला आपल्या हाताने घेऊ लागला. तोंडं कोळशाने काळी, चेहरा ओळखू येईना, म्हणून तो प्रत्येकाला काहीतरी बोलायला लावी. बहुतेक जण त्याला शिव्याच देत. लंब्या रोज एकच शब्द बोलायचा. "आहे."

मग खाण बंद पडली. माझी भावंडं भंगारात गेली. मला लंब्याने खिशात घातलं. आता मी एका खणात, बटणांच्या गर्दीत असतो. त्याची नात माझ्या कडेने रंगाच्या डब्यांची झाकणं उघडते. त्यामुळे मला पोचे पडले आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, मला जपा असंही मी म्हणणार नाही. फक्त कधी माणसं मोजायची वेळ आली, तर माझ्यासारख्यावर भागवू नका. हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

त्या शनिवारी सकाळी बायकोने लंब्याच्या हातात दिलेल्या डब्यात फक्त चमचा होता.