मावशीची चौकशी

“आधी माझं विचार या नव्या पोरीला,” मावशी म्हणाली. “मागच्या वर्षीची ती दातात फट असलेली पोरगी. तिच्या आईचं ऑपरेशन झालं का?”

दुभाषीबाईंनी डोळे चोळले. सकाळपासून घरोघरी बोलून घसा बसला होता. टेकडीमागच्या या लहानशा वस्तीची भाषा बाहेर कुणाला येत नाही. त्या इथेच जन्मलेल्या, म्हणून विद्यापीठातून वस्तीचा अभ्यास करायला येणाऱ्या मुलांबरोबर दरवर्षी त्यांनाच धाडत. मुलं दुभाषीबाईंच्या सख्ख्या मावशीला लग्न, मरण, देवधर्म सगळं विचारत, चहा पीत आणि जात. पुन्हा कुणी फिरकत नसे. मावशी मात्र एकेकाची आठवण काढत बसे. मग दुभाषीबाई ठोकून देत: याला नोकरी लागली, तिचं लग्न झालं.

“झालं की. ठणठणीत आहे,” आताही त्यांनी सांगून टाकलं.

“काय विचारताहेत आजी?” समोरच्या नव्या मुलीने विचारलं.

दुभाषीबाईंना आणखी काही रचायचं त्राण नव्हतं. विचारलेलं तसंच सांगितलं.

मुलीचा चेहरा उतरला. “ती माझ्याच वसतिगृहात राहते. तिची आई गेली हो. ऑपरेशन टेबलावरच.”

मावशी दोघींची तोंडं बघत होती. “गोड गोड सांगतेस ते मला कळत नाही होय गं? केस काय उन्हाने पांढरे झाले? आज खरं सांग.”

दुभाषीबाईंनी सांगितलं. मावशीने पदराचं टोक चुरगाळलं. मग म्हणाली, “लाव फोन तिला.”

मुलीने गुडघ्यावरच्या प्रश्नांच्या कागदाकडे पाहिलं. मधोमध ठेवलेल्या रेकॉर्डरकडे पाहिलं. “हे चालू ठेवू?”

“तुझी आई गेली असती तर ठेवलं असतंस?” दुभाषीबाई म्हणाल्या.

तिने तो बंद करून पिशवीत टाकला, फोन लावला आणि स्पीकर चालू करून दुभाषीबाईंच्या हातात दिला.

“पोरी, मला आज कळलं गं,” मावशी म्हणाली. दुभाषीबाई मागोमाग सांगत गेल्या. “जेवतेस ना वेळेवर?”

पलीकडे आधी नुसताच श्वास, मग हुंदका. “मी परत येते म्हणाले होते. आलेच नाही.”

“आई गेल्यावर कुठलं येणं न् कुठलं काय! रड तू. मी आहे.”

हे सांगताना दुभाषीबाईंचा आवाजच फुटेना. मावशीने त्यांच्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि आपल्याच भाषेत बोलू लागली. सावकाश, थांबत थांबत.

दुभाषीबाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या. नव्या मुलीने पाण्याचा पेला आणून दिला, शेजारी टेकली.

“काय बोलताहेत त्या?”

आतून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“मला नाही ऐकू येत,” दुभाषीबाई म्हणाल्या आणि चौकटीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.