तिसरी टीना

मंगळवारी सकाळी नऊला नोलीनने व्हेजीमाइट लावलेल्या टोस्टचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि रोजच्यासारखी कॉलवर दा नांगच्या टीमला हाक मारली. पर्थमधलं हे ऑफिस वृद्धाश्रमांसाठी सॉफ्टवेअर बनवतं; खरं तर विकतं. बनवणारी माणसं व्हिएतनाममध्ये बसतात. टीना, बेन, लूसी आणि मार्क. ही नावं त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेली नव्हती. ग्राहकांना परकी नावं उच्चारता येत नाहीत, असं साहेबांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. कॅमेरे बंद ठेवायचे, हाही त्यातलाच नियम. माणूस सोडून गेला की नाव मागे राही आणि त्याच्या जागी येणाऱ्याला आयतं मिळे. सहा वर्षांत तीन मुली टीना झाल्या. ग्राहक मात्र खूश होते, की यांच्याकडे माणसं टिकतात. यात कुणाचं काही वाईट होतंय, असं नोलीनला कधी वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिने विचारच केला नव्हता. असल्या प्रथा दुष्टांमुळे टिकत नाहीत, विचार न करणाऱ्या भल्या माणसांच्या जिवावर टिकतात.

"टीना, आज आवाज का उतरलाय गं?"

"नोलीनताई, डॅरिलसाहेबांचं पत्र आलंय. शुक्रवारपासून येऊ नको म्हणतात."

कारण नोलीनला माहीत होतं. बनबरीच्या वृद्धाश्रमात एका आजोबांची रक्त पातळ करायची गोळी तीन दिवस यादीतून गायब झाली होती. आजोबांची उजवी बाजू लुळी पडली. चूक शोधली, तेव्हा ती सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षांपूर्वी केलेल्या एका बदलात सापडली, आणि त्या बदलावर टीनाचं नाव होतं.

"दोन वर्षांपूर्वी मी कॉलेजात होते, ताई. इथे येऊन मला आठ महिने झालेत. पण नोंदीत टीना आहे, आणि आता टीना मीच ना. औषधाची चूक केली म्हणून काढलं, तर इथे मला कोण उभं करणार?"

नोलीन तडक डॅरिलकडे गेली. डॅरिल स्वभावाने वाईट नव्हता. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचा. त्याने अहवाल पुढे सरकवला. 'चूक परदेशी टीममधल्या टीनाची. तिला कामावरून कमी केले आहे.' खाली नोलीनच्या सहीसाठी जागा होती.

"ही ती टीना नाही, डॅरिल."

"अगं, ग्राहकाला एकच टीना माहीत आहे. आता काय सांगू, तीन होत्या म्हणून? सही कर. अकराला बनबरीची बेव्हर्ली बोलणार आहे."

"पोरीची नोकरी जातेय."

"दुसरी मिळेल. तुला निवृत्त व्हायला तीन वर्षं राहिलीत, उगाच कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

ती जागेवर परतली आणि ती जुनी नोंद तिने उघडली. त्या वेळच्या टीनाने बदलाखाली लिहिलं होतं, 'डोस बदलला तर गोळी यादीतून गळेल का, याची मला खात्री नाही. कृपया कुणीतरी नीट पाहा.' त्याखाली होतं, 'तपासून मंजूर: नोलीन हार्डकासल.' शुक्रवार, पावणेपाच. मध्ये एक मिनिटही गेलं नव्हतं. नवरा सुट्टीवर जायला खाली कॅरव्हॅन घेऊन थांबला होता, हे तिला लख्ख आठवलं. तिला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. सही केली असती, तर ही दुसरी ओळ कुणीही वाचायला गेलं नसतं.

अकराला वृद्धाश्रमाच्या प्रमुख बेव्हर्ली पडद्यावर आल्या. दा नांगची टीमही कॅमेरे बंद ठेवून ऐकत होती. डॅरिलने घसा साफ केला, पण नोलीन आधी बोलली.

"बेव्हर्ली, तो बदल तपासायचं काम माझं होतं. करणारीने शंका लिहिली होती, मी ती वाचलीच नाही. अहवालात माझं नाव जाईल. थाओ, कॅमेरा लाव."

ते नाव तिने तासाभरापूर्वी भरतीच्या कागदांतून शोधून काढलं होतं. पडद्यावर चष्मा लावलेली एक सडपातळ मुलगी दिसली.

"मी व्हो थी थाओ," ती म्हणाली. "आठ महिने मी टीना आहे."

बेव्हर्लींनी डॅरिलला विचारलं, "मग हिला का काढताय?"

"तसं अजून काही पक्कं नाही," डॅरिल म्हणाला.

"पत्र गेलंय," नोलीन म्हणाली.

"गेलंय तर परत घ्या." बेव्हर्ली थाओकडे वळल्या. "म्हणजे गेल्या वर्षी आई वारली, ती तुझी नव्हे? मी कार्ड पाठवलं होतं. आमच्या सगळ्या आजीआजोबांच्या सह्या घेऊन."

"माझी आई ठणठणीत आहे, बाई. ती माझ्या आधीच्या टीनाची आई. कार्ड आलं तोवर ती सोडून गेली होती. ते टीनाच्या टेबलावरच राहिलं."

"तिचं नाव काय?"

"लोआन."

बेव्हर्लींनी ते लिहून घेतलं. "आणि तिच्या आधीची?"

थाओने मान वळवून शेजारच्यांना त्यांच्या भाषेत विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. डॅरिललाही नाही.

मग सगळे नोलीनकडे बघू लागले. त्या पहिल्या टीनाशी ती अडीच वर्षं रोज सकाळी बोलली होती. तिचं खरं नाव मात्र तिने एकदाही विचारलं नव्हतं.