एक सोडून एक मंगळवार

“पाणी कुठाय, मावशी? दाखवा ना मला पाणी.”

रस्त्याच्या भरावावर उभं राहून साहेबांनी दोन्ही हात पसरले. खाली तिवरांची झाडं, त्यांच्या बुडाशी चिखल, चिखलात खेकड्यांची बिळं. पाणी नव्हतं. ओल होती, पण ओलीची तक्रार कोणी केली नव्हती.

गुणाबाईने आभाळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले असावेत.

“साहेब, आज अष्टमी. भांगाचं दिस. भरती सकाली सा वाजता येऊन गेली, ती बी अर्ध्यातनंच फिरली. तुमी उधानाला या. पुनवेला या, न्हाय तर आवसेला या. दुपारी बारा वाजता. पाय भिजला न्हाय तर नाव बदलीन.”

“आमचा इकडचा दौरा एक सोडून एक मंगळवारी असतो.”

“मंग एक मंगलवार अलीकडं या.”

“तो मंगळवार दुसऱ्या भागाचा असतो, मावशी.”

गुणाबाईने मग तिवरांच्या बुंध्यांकडे बोट केलं. प्रत्येक बुंध्यावर कमरेएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती, सगळीकडे एका पातळीत, सुतार मारतो तशी.

साहेब वाकून बघत म्हणाले, “ही कोणी मारली?”

“खाडीनं,” गुणाबाई म्हणाली.

साहेबांनी संशयाने गावकऱ्यांकडे पाहिलं.

*

स्थळपाहणी अहवाल. दिनांक २१ ऑगस्ट २००७, वेळ ११.४०.
तक्रार: भरावामुळे पाणी तुंबते.
प्रत्यक्ष स्थिती: पाणी आढळले नाही.
शेरा: तक्रारीत तथ्य नाही.

(दिनांक ७ ऑगस्टचा अहवालही हाच. फक्त वेळ ११.२०.)

*

खारबावच्या पलीकडे, खाडीच्या कडेला त्यांचं गाव. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध आणि बांधात एकच तोंड. त्याला उघाडी म्हणतात. दगडी चौकट, चौकटीला खाच, खाचेत सागाची फळी. ओहोटी लागली की फळी उचलायची, म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत जातं. भरती आली की फळी टाकायची, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. दिवसातून चार वेळा. हे काम आधी गुणाबाईचा नवरा दामू करायचा. तो गेला तेव्हा गुणाबाईला कोणी काही विचारलं नाही आणि तिनेही कोणाला विचारलं नाही. तेराव्याच्या दिवशी ती जाऊन फळी टाकून आली. त्याला अकरा वर्षं झाली. घरात घड्याळ नाही. लग्नाचा मुहूर्त असो की बाळंतपण, गुणाबाई आधी तिथी मोजते, भरती मोजते आणि मग सांगते की येते की नाही.

मे महिन्यात उघाडी आणि खाडी यांच्यामधून, तिवरांच्या पोटातून रस्ता आला. पलीकडे गोदामं होणार होती. मुरुमाचा भराव पडला आणि पाण्यासाठी भरावात सिमेंटचे तीन पाइप बसले. दोन हात उंच बसले. बाकी काही झालेलं नाही. उधाणाचं पाणी पाइपांतून आत शिरतं, ओहोटीला परत जायला बघतं, तर पाइप वर. मग ते आठ दिवस उघाडीच्या तोंडाशी फळीला छाती लावून उभं राहतं, फळी उचलता येत नाही. मुरुमातून मुरत मुरत संपतं, तोवर अष्टमी उजाडते.

अष्टमीला साहेब येतात.

आणि तिवरं सरकारने राखलेली होती. तसा पत्र्याचा मोठा फलक होता: ‘संरक्षित कांदळवन क्षेत्र. झाडे तोडणे, भराव टाकणे गुन्हा आहे.’ गेल्या वर्षी सरपणाला एक फांदी तोडली म्हणून पुतळाबाईला वनरक्षकाने उन्हात दिवसभर बसवून ठेवलं होतं. भराव टाकायला माणसं आली तेव्हा त्यांनी आधी तो फलक जपून उपटला, वीस पावलं पलीकडे नेऊन नीट ओळंब्यात उभा केला आणि मग जुन्या जागेवर मुरुम ओतला. रस्ता पुढे सरकला तसा फलकही सरकला. तीनदा.

*

“काकी, कशाला डोकं फोडतेस?” बाळाराम म्हणाला. तो दामूच्या भावाचा मुलगा. रस्त्यावर मुरुम टाकणारे दोन डंपर त्याचेच. “रस्ता झाला की गावाचं सोनं व्हईल. शेती कोन करतंय आता?”

“मी करतंय.”

“तुजी किती? पाऊन एकर.”

“चालीस घरांची हाय त्या बांधामागं. तुज्या बापाची बी हाय.”

“मी न्हाय टाकला मुरुम तर दुसरा टाकंल.”

“मी कवा म्हनलं टाकू नको? रस्ता करा. इमान उतरवा त्याच्यावर. पाइप दोन हात खाली घ्या, एवढंच म्हनतंय मी. दोन हात! ह्ये बघ, ह्ये दोन हात.” तिने स्वतःचे दोन्ही हात त्याच्या नाकापुढे धरले. बाळारामने चहाचा कप बाजूला घेतला.

*

अर्ज अण्णा लिहायचे. भिवंडीच्या कोर्टात जन्मभर कारकुनी करून ते गावात येऊन राहिले होते. अर्ज लिहिताना त्यांना चढायचं.

“‘सबब, उपरोक्त प्रकरणी सहानुभूतिपूर्वक...’”

“अण्णा, दोन हात लिवलं का?”

“येतंय, येतंय. ‘...विचार होऊन, सदरहू नलिकांची पातळी...’”

“नलिका नको. पाइप लिवा. त्याला समजाया पायजे.”

तिसरा अर्ज घेऊन दोघं भिवंडीला साहेबांच्या ऑफिसात गेली. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा पाऊण तास अडकली. रिक्षावाला पुढच्या ट्रकवर ओरडत होता, “अरे भाई, आगे ले ना!” आणि अण्णा मांडीवरच्या अर्जाला वारा घालत होते. ऑफिसात साहेबांनी डायरी उघडली.

“चार सप्टेंबरला येतो. मंगळवार.”

गुणाबाईने बोटं मोजली. वद्य अष्टमी. पुन्हा अष्टमी! तिला वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलून...

“थांबा,” साहेब म्हणाले. “त्या दिवशी गोकुळाष्टमी आहे. मग पुढचा मंगळवार घेऊ, दुसरा भाग मागे ढकलतो. अकरा तारीख. चालेल?”

अकरा. गुणाबाईची बोटं पुढे गेली आणि थांबली.

“ती तर पिठोरी अमा...” अण्णा बोलायला लागले. गुणाबाईने टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला.

“चालंल, साहेब,” ती म्हणाली. “तुमाला सोयीचं असंल तसं.”

*

मंगळवार, पिठोरी अमावस्या.

अकराला जीप आली. चिखल होता. साहेब हसले.

“बसा, साहेब. च्या घ्या,” गुणाबाई म्हणाली.

साडेअकराला पाइपांच्या तोंडाशी फेस दिसला. पावणेबाराला तिन्ही पाइप गुळण्या टाकायला लागले. तिवरांची मुळं गेली, बुंधे गेले, गाळाची रेघ गेली. बाराच्या सुमाराला पाणी भरावाच्या काठावर चढून जीपच्या चाकाला लागलं. साहेब बूट हातात घेऊन उभे होते.

“बाप रे,” ते म्हणाले. “बाप रे, बाप रे.”

“आता दुपारी तीनपर्यंत थांबा,” गुणाबाई म्हणाली. “गेलं न्हाय म्हंजे ते बी लिवा.”

“लिहितो. सगळं लिहितो.”

गावात त्या दिवशी कोणी मुलांना रागावलं नाही. अण्णांनी गुणाबाईला नमस्कार केला, तिने तो घेतला नाही, पण नको असंही म्हणाली नाही.

*

पत्र गणपती उठल्यावर आलं. अण्णांनी देवळाच्या पायरीवर उभं राहून वाचलं.

“‘स्थळपाहणीत ग्रामस्थांच्या तक्रारीत तथ्य आढळून आले आहे.’”

टाळ्या.

“‘भरतीचे पाणी रस्त्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचत असल्याने रस्त्यास धोका संभवतो. सबब, ग्रामस्थांच्या मागणीनुसार, भरावाची उंची एक मीटरने वाढवण्यात...’”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मजकूर तोच होता.

“पाइपांचं काय लिवलंय?” गुणाबाईने विचारलं.

“पाइपांचं काही नाही.”

“मागच्या बाजूला?”

अण्णांनी कागद उलटा केला. कोरा होता.

*

पाऊस ओसरला तसे डंपर आले. गुणाबाई पहिल्या डंपरपुढे उभी राहिली. ड्रायव्हरने काच खाली केली.

“अम्मा, साइड दो. आपके गाँव की ही माँग है, पेपर है मेरे पास.”

मुरुमाचा पायथा रुंदावला, त्याखाली एक पाइप बुजला. फलक या वेळी कोणी हलवला नाही, पलीकडे लावायला तिवरंच उरली नव्हती. तो चिखलात पालथा पडून राहिला.

आता पाणी पंधरा दिवस हटेना. सागाची फळी पूर्वी दिवसातून दोनदा बाहेर येऊन बांधावर सुकायची. आता रात्रंदिवस पाण्याच्या रेट्याखाली. आधी तिला पोक आलं. मग बारीक चीर गेली.

आत भात निसवलं होतं. दाण्यात दूध होतं.

*

सर्वपित्री अमावस्या. वर्षातलं मोठं उधाण. सकाळी नऊला फळी मधोमध उकलली.

बाळाराम बांधावर आला तेव्हा काकी कमरेएवढ्या चिखलपाण्यातून काहीतरी ओढत आणत होती.

“काकी, पानं वाढायची राह्यलीत. काका वाट बघत असंल.”

“त्याला म्हनावं, फली फुटलीय. त्याला समजंल.”

“ह्ये काय आनलंस? सरकारी बोर्ड हाय तो! केस व्हईल.”

गुणाबाईने फलकाच्या काठाला हात लावून मापलं, मग चौकटीला. चार बोटं जास्त होता. “बस त्याच्यावर,” ती म्हणाली. बाळाराम उभा राहिला. “बस म्हनते ना!” तो बसला. तिने दगडाने पत्र्याची कड ठोकून ठोकून वळवली. मग दोघांनी उचलून तो खाचेत सोडला. अर्ध्यात अडला. बाळारामने पायातली चप्पल काढली, आत उतरला आणि खांद्याने दाबला. फलक खाली बसला.

“अक्षरं खाडीकडं ग्येली,” तो धापा टाकत म्हणाला.

“जाऊं दे. आतल्यांना ठाव हाय.”

पाइपांच्या तोंडाशी फेस दिसायला लागला. साचलेल्या पाण्यावर नवं पाणी आलं, फलकाच्या खालच्या ओळीवर चढलं. ‘गुन्हा आहे’ बुडालं. मग ‘भराव टाकणे’. पत्रा एकदा आवाज करून आत दबला आणि थांबला. डाव्या कोपऱ्यातून बारीक धार आत, भाताकडे यायला लागली.

गुणाबाईने ओंजळभर चिखल घेऊन तिथे लावला आणि वर तळहात दाबून धरला. बाळारामने विचारलं, किती वेळ धरायचं.

“आता बारा वाजलं,” ती म्हणाली. “तू जा, पान वाढ. मी हाय हितं.”