दोराला लागलेले हात

मी कॅमेरा बोलतोय, पोलादपूरच्या उज्वलाचा. माझ्या भिंगाच्या कडेला एक बारीक तडा आहे, पट्टा दोनदा शिवलेला आहे, आणि दमट हवेत माझं एक बटण रुसून बसतं. तरी नजर अजून शाबूत आहे. म्हणून म्हटलं, आठवतंय तोवर सांगून टाकावं.

जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. तिथलं मला फारसं काही आठवत नाही. आठवतं ते महाडपासूनचं. चंदन नावाच्या फोटोग्राफरने मला विकत घेतलं आणि लग्नांना जुंपलं. हळदी, अक्षता, पंगती. माणसं माझ्यासमोर आली की पोट आत ओढून घेत, केसांवरून हात फिरवत आणि एरवी कधी हसत नाहीत तसं हसत. मला वाटायचं, माणसं अशीच असतात. पुढे चंदन मुंबईला गेला आणि जाताना मला उज्वलाच्या हवाली करून गेला.

उज्वलाचं पोलादपुरात हायवेलगत छोटं दुकान. पासपोर्टचे फोटो, बारशी, साखरपुडे यांवर तिचं घर चालतं, पण तिचा जीव भलतीकडेच. बाहेरून एखादा लांबलचक ट्रेलर गेला की स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकाला ती सांगायची, "हनुवटी जरा खाली ठेवा, आलेच हं!" आणि मला घेऊन रस्त्यावर धावायची. गिऱ्हाईक बापडं हनुवटी खाली ठेवून बसून राही.

सुट्टीच्या दिवशी ती स्कूटरवरून मला कशेडीच्या जुन्या घाटात न्यायची. एकदा तिथे कारखान्याची भली मोठी टाकी घेऊन एक ट्रेलर चढत होता. क्लीनर लाकडाचा ठोकळा हातात धरून चाकाबरोबर चालत होता. गाडी जरा थांबली की ठोकळा चाकाखाली, हलली की पुन्हा हातात. वळण एवढं अरुंद की टाकीचं टोक डोंगराला टेकेल असं वाटत होतं. ड्रायव्हरने तसूतसूने ते वळण काढलं, वर जाऊन गाडी उभी केली आणि उज्वलाकडे संशयाने बघत म्हणाला, "मॅडम, आरटीओतून आल्या काय?"

"नाही हो. तुम्ही वळण कसं काढता ते बघायला आले."

"ते काय बघायचंय?" असं म्हणाला खरा, पण लगेच आरशात बघून भांग पाडला.

वीर स्टेशनजवळ तर मी एक नवलच पाहिलं. मालगाडीच्या उघड्या डब्यांवर ओळीने ट्रक बसून चालले होते. एका केबिनमध्ये ड्रायव्हर पाय पसरून निवांत पडला होता, दुसऱ्याने आरशाला टॉवेल वाळत घातला होता. दुसऱ्यांची ओझी वाहणाऱ्यांना त्या दिवशी गाडी वाहून नेत होती. उज्वलाने हात केला. टॉवेलवाल्याने उठून सलाम ठोकला. तो फोटो तिने मोठा करून दुकानात लावला.

तो फोटो बघूनच भागोजी थबकला. भागोजी टेपवाडीचा. मुंबईच्या गोदीत उभी हयात ओझी उचलून म्हातारपणी गावी परतलेला. आला होता पासपोर्ट फोटोसाठी, पण भिंतीवरचे ट्रक, दोर, घामेजलेल्या पाठी बघत राहिला.

"गो बाय, हे कोणाच्या लग्नातलं?"

उज्वला हसली. "काका, ही कामाची माणसं. मला आवडतात."

म्हातारा स्टुलावर टेकला. "गोदीत हत्तीएवढ्या मशिनी उतरवल्या आम्ही. एक फोटू नाय माझा. हायत ते पोरीच्या लग्नातले, दुसऱ्याचा कोट घालून." मग जरा थांबून म्हणाला, "बुधवारी वाडीवर ये. आमची डीपी चढवायची हाय."

टेपवाडी डोंगराच्या माथ्यावर. पावसाळ्यात दरड आली, तिने रस्ता नेला आणि विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरही नेला. पाऊस होता तोवर पागोळ्यांच्या पाण्यावर निभलं. पण दिवाळीनंतर झरे आटले, वीज नाही म्हणून पंप बंद, आणि बायका खालच्या ओढ्यावरून डोक्यावर हंडे वाहू लागल्या. नवी डीपी टेंपोने डोंगराच्या पायथ्यापर्यंत आली होती. पुढे टेंपो जाणार कुठून? रस्ता बांधून होईपर्यंत थांबायचं, नाहीतर खांद्यावरून न्यायची. वाडीने खांदा पत्करला. मुंबईला कामाला असलेली पोरं रजा टाकून आली.

बुधवारी सकाळी मी उज्वलाच्या गळ्यात होतो. लोखंडाचं ते धूड दोन लांब वाशांना आवळून बांधलं होतं. भागोजी पुढे उभा राहिला आणि ओरडला, "बोला!" सगळ्यांनी मिळून साद दिली, "हैश्या!" आणि ते धूड जमिनीवरून उठलं. काय सांगू! एवढी लग्नं पाहिली, पण इतके चेहरे एका वेळी इतके खरे मी कधी पाहिले नव्हते. कोणी पोट आत घेत नव्हतं, कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं. मानेच्या शिरा टरारलेल्या, पावलं एका तालात. उज्वला कधी पुढे धावे, कधी मागे. मी टिपत होतो.

अर्ध्या वाटेवर उभा कातळ लागला. तिथे खांद्यावरून जमेना. भागोजीने कातळावर आडवे वासे टाकले, डीपी त्यांवर ठेवली आणि दोर वर नेला. वर पोरं ओढणार, आणि खाली पहार घेऊन डीपी वाटेवर ठेवणार तो स्वतः.

"बायकांनी लांब रहा गो," तो म्हणाला.

डोक्यावर हंडा घेऊन चढणारी ठमाबाई तिथेच थांबली. "रोज दोन हंडे घेऊन आम्ही हीच चढण चढतो. तवा नाय कोण म्हणत लांब रहा?"

पोरं हसली. बायका कातळ चढून वर थांबल्या, उज्वलाने पहार घेतलेल्या भागोजीला टिपलं आणि तीही मला घेऊन वर पोरांजवळ उभी राहिली. काम सुरू झालं. डीपी हातभर चढली, आणखी हातभर. आणि पुढच्या पोराचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला. तो पडला, मागचा त्याच्यावर पडला, दोर सरसरत खाली यायला लागला. आणि डीपीच्या खाली भागोजी.

"काका, बाजूला व्हा!" वरून कोणीतरी ओरडलं.

बाजूला व्हायला जागाच नव्हती. एकीकडे कातळ, दुसरीकडे दरी.

त्या क्षणी उज्वलाचं बोट माझ्या बटणावर होतं. असा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो. तिने बटण दाबलं नाही. मला गळ्यातून ओढून फेकलं आणि दोर धरला. हंडा खणखणत खाली गेला, आणि ठमाबाईही दोरावर. मागून आणखी बायका. मी दगडावर आपटलो, भिंगाला तडा गेला, आणि त्या तड्यातून मला नुसता ताठ झालेला दोर दिसत होता. तो थरथरत होता, पण सुटत नव्हता.

"झाडाला वेढा! ऐनाला वेढा!" खालून भागोजीचा आवाज आला. पोरं सावरली, दोराला ऐनाच्या बुंध्याचा वेढा बसला आणि डीपी जागच्या जागी थांबली.

मग भागोजी कातळावरून वर आला. त्याने पहार खाली ठेवली आणि ठमाबाईला म्हणाला, "दोर आता तुम्हीच धरा." पुढचा सगळा कातळ बायका दोरावर होत्या.

माथ्यावर डीपी टेकली तेव्हा उन्हं कलली होती. भागोजीने मला उचलून धोतराच्या सोग्याने पुसलं आणि उज्वलापुढे धरलं. "आता काढ फोटू."

उज्वलाला मला धरता येईना. तळहातांची सालटी निघाली होती. शेवटी ठमाबाईने मला ओंजळीत धरलं आणि उज्वलाने फक्त बटण दाबलं. सगळ्यांनी डीपीवर हात ठेवले होते. तेवढे हातच मी टिपले.

दुसऱ्या दिवशी वायरमन आले, तारा जोडल्या, पंप घरघरला. वाडीच्या टाकीत पाणी पडायला लागलं, तशी ठमाबाई कितीतरी वेळ टाकीत वाकून बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात उज्वला फोटो घेऊन वाडीवर गेली. भागोजीने स्वतःचा, पहार घेतलेला फोटो उजेडाकडे धरला. "मी असा दिसतो व्हय कामात?" तो म्हणाला. मग दार लोटून आत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

आता लग्नांसाठी उज्वलाने नवा कॅमेरा घेतला आहे. ऊन समोर असलं की माझ्या फोटोत तड्याची एक पांढरी रेघ उमटते, आणि नवरीला ती चालत नाही. घाटातल्या ट्रेलरांना चालते. तिथे ती मलाच नेते.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. वाटेत कुठे ओझं चढताना दिसलं तर थांबा, त्या माणसांचे चेहरे बघा, त्यांचे फोटो जरूर काढा. पण दोर सुटताना दिसला, तर मला खुशाल टाकून द्या. मला आणखी एक तडा चालेल.